पत्ता सांगितला होता, विकायला दिला नव्हता

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या एका अटीवर निकाल दिला. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला अंतरिम जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, त्याने गुगल मॅप्सवर पिन टाकून आपलं लोकेशन तपास अधिकाऱ्याला उपलब्ध ठेवावं. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने ती अट रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर तंत्रज्ञानाने पाळत ठेवता येईल अशी अट घालणं म्हणजे घटनेच्या २१व्या कलमातल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग, असं त्यांनी स्पष्ट केलं. गंमत म्हणजे, नुसती पिन टाकल्याने कोणाचा माग काढता येत नाही, हे याच सुनावणीत गुगलकडूनच कळलं. म्हणजे अट घटनेत बसत नव्हती आणि कामाचीही नव्हती.

निकाल योग्यच आहे. पण त्यामुळे आपली एक विसंगती उघडी पडते. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसावर सरकारने अष्टौप्रहर नजर ठेवू नये, हे आपल्याला पटतं. ज्याच्यावर कसलाच आरोप नाही त्याच्या हालचाली मात्र अशा माहितीची खरेदी-विक्री करणाऱ्या कुठल्याशा परदेशी दलालाकडे रोज जमा होत असल्या, तर ‘अ‍ॅप वापरायचं म्हटलं की एवढं चालायचंच’ असं म्हणून आपण मोकळे होतो.

टॉर्चचं जुनं प्रकरण आठवा. फोनमध्ये विजेरीची सोय अंगभूत नव्हती तेव्हा लोक त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यायचे. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ हे त्यातलं कोट्यवधी वेळा उतरवून घेतलं गेलेलं अ‍ॅप. डिसेंबर २०१३ मध्ये ग्राहकांच्या हिताची राखण करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्या निर्मात्यावर ठपका ठेवला. उजेड पाडण्यापलीकडे ज्याचं काही काम नाही असं हे अ‍ॅप वापरणाऱ्याचं नेमकं ठिकाण आणि फोनचा ओळख क्रमांक जाहिरात कंपन्यांना पाठवत होतं. त्याहून वाईट म्हणजे ‘अटी मान्य आहेत का?’ हा प्रश्न पडद्यावर असतानाच, वापरणाऱ्याने हो किंवा नाही म्हणण्याआधीच, माहिती रवाना झालेली असायची.

लोकेशन घेणं आणि लोकेशन विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ त्या एकाच परवानगीत कोंबल्यामुळे झाला आहे, असं माझं म्हणणं आहे. रिक्षावाल्याला घर कुठे आहे ते सांगावंच लागतं, त्याशिवाय तो सोडणार कसा? पण आपण रोज कुठून कुठे, किती वाजता गेलो हे त्याने वहीत टिपून ठेवलं आणि ती वही चौकात विकायला मांडली, तर ‘तुम्हीच तर पत्ता सांगितलात’ हा त्याचा बचाव कोणी ऐकून घेणार नाही. पहिल्या व्यवहाराला परवानगी पुरेशी आहे. दुसरा व्यवहार परवानगीनेही वैध होता कामा नये. त्यावर कायद्याने सरळ बंदी हवी.

याचा अर्थ ठिकाणाच्या माहितीवर धंदाच करू नये, असा नाही. रस्ते, पूल, दुकानं, घरांचे क्रमांक यांचा नकाशा बनवणं हे खर्चाचं आणि कसबाचं काम आहे, आणि त्याचे पैसे घेण्यात गैर काही नाही. राकेश आणि रश्मी वर्मा यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली मॅपमायइंडिया याच कामावर उभी राहून २०२१च्या डिसेंबरात शेअर बाजारापर्यंत पोचली. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरची जुनी बंधनं सैल केली, तेव्हा भारतीय कंपन्यांना रान मोकळं झालं. त्याच्याच जोरावर जुलै २०२२ मध्ये रस्त्यांची छायाचित्रं नकाशावर दाखवणारं गुगलचं स्ट्रीट व्ह्यू इथे आलं, तेही मुंबईच्या जेनेसिस आणि पुण्याच्या टेक महिंद्रा यांच्या हातून. पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. २०२४ मध्ये ओलाने गुगल मॅप्स सोडून स्वतःचा नकाशा वापरायला घेतला आणि त्यामुळे वर्षाला शंभर कोटी रुपये वाचतील असं सांगितलं. लगोलग गुगलने भारतातल्या ग्राहक कंपन्यांसाठीचे दर ७० टक्क्यांपर्यंत खाली आणले, आणि मॅपमायइंडियाने ओलाला ‘आमचा माल उचललात’ म्हणून नोटीस धाडली. ही सगळी बाजारातली नेहमीची हाणामारी झाली. तिथे विकला जातो तो रस्ता. रस्त्यावरून चालणारा माणूस विकायला काढला की प्रकरण वेगळं होतं.

हे वळण कसं आलं ते फोरस्क्वेअरच्या गोष्टीत चांगलं दिसतं. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेलं हे अ‍ॅप म्हणजे निव्वळ खेळ होता. कॅफेत गेलात, बटण दाबून ‘मी इथे आलो’ असं मित्रांना कळवलंत, की बिल्ला मिळायचा. एखाद्या ठिकाणी सगळ्यात जास्त फेऱ्या झाल्या की तुम्ही तिथले ‘मेयर’. हौस सगळी वापरणाऱ्याची, बटणही त्यानेच दाबायचं. पुढे फोन खिशातच असताना माणूस कुठल्या दुकानात शिरला हे बटणाशिवाय ओळखण्याचं तंत्र कंपनीने बसवलं, आणि खेळाचं रूपांतर पायरव मोजण्याच्या कारखान्यात झालं. २०१६ मध्ये चिपोटले या अमेरिकेतल्या मेक्सिकन खाद्यगृहांच्या साखळीची विक्री जंतुसंसर्गाच्या प्रकारानंतर घसरली होती. किती, ते कंपनीने जाहीर करण्याआधीच फोरस्क्वेअरने लोकांच्या फेऱ्यांवरून अंदाज वर्तवला: तिमाहीत सुमारे ३० टक्के. प्रत्यक्ष आकडा आला २९.७. शेअर बाजारातल्या लोकांचे डोळे विस्फारले आणि फोरस्क्वेअरला आपला खरा ग्राहक कोण हे कळलं. गावातली ठिकाणं सुचवणारं तिचं सिटी गाइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं; कंपन्यांना ठिकाणांची माहिती विकण्याचा धंदा चालू आहे.

चिपोटलेत किती माणसं गेली याची बेरीज विकली, तर मला त्याचा फारसा राग येत नाही. बेरजेत माणूस दिसत नाही. पण बेरीज करायला आधी एकेका फोनचा माग लागतो, आणि एकदा तो माग कोठारात पडला की बेरजेवर समाधान मानणारा व्यापारी विरळा.

एक्स-मोड ही अमेरिकेतल्या व्हर्जिनियातली कंपनी असा कच्चा माल गोळा करायची. तिचं स्वतःचं गाजलेलं अ‍ॅप असायची गरजच नव्हती. तिने संगणकी आज्ञावलीचा एक छोटा तुकडा तयार केला होता. दुसऱ्या कोणाही अ‍ॅपच्या निर्मात्याने तो आपल्या अ‍ॅपमध्ये डकवायचा आणि बदल्यात पैसे घ्यायचे. रोज ५० हजार अमेरिकी लोक वापरत असतील तर निर्मात्याला महिन्याला १,५०० डॉलर, असा हिशेब ती मांडायची. भागाकार करून पाहा: माणशी महिन्याला तीन सेंट, तेव्हाच्या दराने सव्वादोन रुपयांच्या आसपास. महिनाभर आपण कुठे झोपलो, कुठल्या दवाखान्यात गेलो, कोणाच्या घरी किती वेळ थांबलो याची ही किंमत, आणि ती घेणार अ‍ॅपवाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

हा तुकडा डकवलेल्या अ‍ॅपांत ‘मुस्लिम प्रो’ होतं. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची, म्हणजे नमाज पढताना तोंड करायची, दिशा सांगणारं, जगभर नऊ कोटींहून जास्त वेळा उतरवून घेतलं गेलेलं. टॉर्चसारखी इथे लबाडी नव्हती. किब्ल्याची दिशा सांगायची तर माणूस कुठे आहे हे कळायलाच हवं. लोकेशन मागण्याचं याहून प्रामाणिक कारण शोधून सापडणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘व्हाइस’ या वृत्तमाध्यमाच्या मदरबोर्ड विभागाने उघड केलं की तीच माहिती एक्स-मोडकडे जाते, तिच्याकडून ठेकेदारांकडे आणि त्यांच्यामार्फत अमेरिकी लष्कराकडे. बातमी येताच अ‍ॅपने एक्स-मोडशी संबंध तोडले, महिन्याभरात अ‍ॅपल आणि गुगलने हा तुकडा आपल्या अ‍ॅपांच्या दुकानांतून हद्दपार केला, आणि कंपनी नवं नाव घेऊन उभी राहिली. फेडरल ट्रेड कमिशनने दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा नाजूक जागांची माहिती विकायला तिला बंदी केली ती जानेवारी २०२४ मध्ये, बातमीनंतर तीन वर्षांनी.

ज्याने परवानगी दिली त्याने दिशेसाठी दिली. त्याच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही. म्हणूनच ‘परवानग्या नीट वाचून द्या’ हा आपल्याकडे उठसूट दिला जाणारा सल्ला मला ऐकवत नाही. वाचून काय दिसलं असतं? अ‍ॅपला लोकेशन का हवं, एवढंच. पुढच्या तीन हातांचा पत्ता कुठल्याच खिडकीत लिहिलेला नसतो. आणि नकार दिल्यावर तो पाळला जाईल याची तरी खात्री कुठे आहे? लोकेशनची नोंद बंद केल्यावरही गुगल दुसऱ्या एका सेटिंगच्या आडून ठिकाण साठवतं, हे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिलं. २०२२ मध्ये गुगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९.१५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

आता तर तुकडा डकवायचीही गरज उरलेली नाही. फुकटचं अ‍ॅप उघडलं की जाहिरातीची जी जागा दिसते तिचा दर वेळी लिलाव होतो. पापणी लवायच्या आत अनेक कंपन्यांना कळवलं जातं की अमुक फोन, अमुक जाहिरात क्रमांक, बहुतेकदा अमुक ठिकाणी, बोली लावा. बोली जिंकतो एक, पण माहिती बोलीला बसलेल्या सगळ्यांच्या कानावर पडते. तिथे काही जण जाहिरात विकत घ्यायला येतच नाहीत, नुसते ऐकायला बसतात. ग्रॅव्ही अ‍ॅनालिटिक्स ही अशा उद्योगातली मोठी दलाल. सुमारे १०० कोटी फोनांकडून रोज १,७०० कोटींवर संकेत येतात, असा तिचाच दावा फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२४च्या तक्रारीत नोंदवला. जानेवारी २०२५ मध्ये तिच्याच कोठारावर हॅकरांचा दरोडा पडला. बाहेर आलेल्या नमुन्यात कँडी क्रश आणि टिंडरसारख्या अ‍ॅपांची नावं होती, आणि लिलावातून हे सगळं वाहतंय याची बऱ्याच अ‍ॅपवाल्यांना कल्पनाही नसावी. जगातल्या १०० कोटी फोनांमध्ये आपल्याकडचे फोन नसतील, असं मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

या धंद्याचं ठरलेलं उत्तर असतं की नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. पण रात्री दोन वाजता जो क्रमांक रोज एकाच घरात असतो आणि सकाळी अकराला रोज एकाच कचेरीत, त्याला नावाची गरज काय? १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाईल नोंदी तपासून संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की कुठे आणि केव्हा असे चार ठिपके कळले तर ९५ टक्के माणसं त्या गर्दीतून अचूक वेगळी काढता येतात. गुगललाही हे ठाऊक होतं. २००९ मध्ये फोनांच्या वेगावरून रहदारी दाखवायला सुरुवात करताना त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं की प्रत्येक प्रवासाची सुरुवात आणि शेवट आम्ही कायमचे पुसून टाकतो, म्हणजे अनामिक गाडी कुठून आली आणि कुठे गेली ते कोणाला कळणार नाही. दोन टोकं ठेवली तर अनामिक राहत नाही, ही कबुलीच होती ती. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका कॅथलिक प्रकाशनाने बाजारात मिळणाऱ्या अशाच ‘अनामिक’ माहितीतून, एक फोन कोणाच्या घरी आणि कार्यालयात असतो हे जुळवून, बिशपांच्या परिषदेच्या सरचिटणीसाचा समलिंगी डेटिंग अ‍ॅपशी संबंध जोडला. त्यांना राजीनामा द्यावा लागला. कोणी काही चोरलं नव्हतं. बाजारातून घेतलं होतं. गर्भपात केंद्रांत कोण कुठून येतं याचा आठवड्याभराचा गठ्ठा २०२२ मध्ये एका पत्रकाराला सेफग्राफ नावाच्या कंपनीकडून १६० डॉलरच्या आसपास मिळाला होता. तो एकेका फोनचा नव्हता, गटांचा होता, हे मान्य; तरी कुठल्या वस्तीतून बायका तिथे येतात हे त्यातून कळत होतंच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हा पैसा बंद झाला तर फुकटच्या सोयी बंद होतील. गणपतीत कोकणात निघालेल्या माणसाला घाटात कोंडी आहे हे आधीच कळतं ते हजारो अनोळखी फोनांमुळेच. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे बंगळूरमध्ये घडलेलं अ‍ॅप जीपीएस किंवा इंटरनेट नसतानाही मोबाईल टॉवरवरून गाडी कुठे पोचली ते सांगतं. फलाटावर ताटकळणाऱ्यांना त्याचं मोल विचारा. (२०१८ मध्ये गुगलने ते विकत घेतलं, हा भाग अलाहिदा.) पण या दोन्ही उदाहरणांत माहिती जिथे लागते तिथेच वापरली जाते. घाटातली कोंडी दाखवायला माझा फोन आत्ता किती वेगाने सरकतोय एवढं पुरतं. मी गेल्या मंगळवारी कुठे होतो ते लागत नाही आणि तिसऱ्याला विकावंही लागत नाही. पुनर्विक्रीवर बंदी आली तर रहदारीचा लाल पट्टा पुसला जाणार नाही. बंद पडतील ती दलालांची कोठारं. काही फुकटची अ‍ॅपं त्यांच्यासोबत जातील हे खरं, पण माणशी तीन सेंटांवर जी तगून आहेत ती गेली तर जाऊ देत.

आपल्याकडे चित्र काय आहे? २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. कंपन्यांना २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, हा आकडा ऐकायला बरा वाटतो. मात्र तो दंड जमा होणार सरकारच्या तिजोरीत. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं नुकसानभरपाईचं ४३-अ कलमही ही मुदत संपताच या कायद्याने रद्द होणार आहे, म्हणजे पुढे ज्याचं ठिकाण विकलं गेलं त्याच्या हाती काही नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड बसू शकतो.

पण खरी पळवाट वेगळीच आहे. सगळा डोलारा संमतीवर उभा आहे आणि लोकेशनला वेगळं स्थान नाही. आधीच्या मसुद्यांत असलेला नाजूक माहितीचा वेगळा वर्गच गाळला गेला. शिवाय देशाबाहेर होणाऱ्या प्रक्रियेला हा कायदा लागतो तो भारतातल्या लोकांना वस्तू किंवा सेवा देऊ करण्याशी ती निगडित असेल तरच. २०२२च्या मसुद्यात इथल्या माणसांची वर्तनचित्रं, म्हणजे त्यांच्या सवयी-आवडींचे आराखडे, तयार करणाऱ्या परदेशी कंपन्याही येत होत्या. अंतिम कायद्यातून तो शब्द गेला. आता जाहिरातीच्या लिलावात नुसतं ऐकत बसलेला व्हर्जिनियातला दलाल नागपूरच्या किंवा मडगावच्या माणसाला काय विकतो? काहीच नाही. तो त्या माणसालाच विकतो, तेही तिसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाला. कायद्याचं वाक्य जसं लिहिलं आहे तसं वाचलं तर असा दलाल त्याच्या कक्षेबाहेरच राहतो, आणि वस्तू-सेवा देणारं ई-कॉमर्सचं दुकान मात्र आत येतं.

दुसरी गोष्ट पोटाची. नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. नेमून दिलेल्या हद्दीत ते आहेत की नाहीत ते पडद्यावर पाहायची सोय. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलांचं लोकेशन तर कामाची अटच आहे. ते बंद केलं की ऑर्डर बंद. नव्या कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा मालकाला दिली आहे, आणि मालकाचं नुकसान टाळणं हे कारणही त्यात धरलं आहे. हजेरीपुरतं हे एक वेळ समजून घेता येईल. पण घड्याळ पुरवणाऱ्या ठेकेदाराने ती माहिती किती दिवस ठेवायची, कामाच्या वेळेनंतर मोजणी थांबते की नाही, आणि पोरगा दिवसभर कुठल्या सोसायटीच्या फाटकावर किती मिनिटं थांबला याची नोंद उद्या विमा कंपनीला किंवा कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला विकता येईल का, याचं उत्तर या कलमात नाही.

म्हणून मागणी नेमकी असायला हवी. फोनचं अचूक ठिकाण ज्या कामासाठी घेतलं त्या कामापलीकडे विकता, भाड्याने देता किंवा लिलावात पाठवता येणार नाही, मग परवानगी असो वा नसो. नोकरीच्या निमित्ताने घेतलेल्या ठिकाणालाही हाच नियम. जाहिरातीला शहराचं नाव पुरतं, अक्षांश-रेखांश नको. आणि परदेशातून आपल्या लोकांची वर्तनचित्रं काढणाऱ्यांना कक्षेत आणणारा तो गाळलेला शब्द दुरुस्ती करून परत आणावा. ती दुरुस्ती संसदेलाच करावी लागेल. १८ महिन्यांची मुदत मे २०२७ मध्ये संपते आणि महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ खासदार जातात. त्यांतल्या एकाने तरी हा प्रश्न तोवर सभागृहात विचारायला हरकत नसावी.